ओठ मिटलेले, दात सुटे

माणसांची नावं सरांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. शाळा सोडून संसाराला लागलेला एखादा बाप्या बाजारात वाकून पाया पडला, की सर त्याच्या कपाळाकडे बघत गोंधळून उभे राहायचे. तो आपलं नाव सांगायचा, वाडी सांगायचा, बापाचं नाव सांगायचा. उपयोग नसे. शेवटी तो ओशाळून हसायचा आणि सरांचा चेहरा एकदम उजळायचा. "अरे, तू होय! सुळ्यावर चढलेला दात! मग आधीच हसायचं नाही का?"

सरांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मधल्या काळात मी बरीच माणसं गमावली, आणि प्रत्येकाच्या वेळी असं झालं की आधी चेहरा पुसट झाला, मग आवाज. चालण्याची एखादी लकब तेवढी मागे राहिली. सरांचा चेहरा मात्र मला अजून स्वच्छ दिसतो. कदाचित तो नेहमी समोरच्याच्या फार जवळ असायचा म्हणून असेल. मान तिरकी, चष्मा कपाळावर चढवलेला, नजर आपल्या हनुवटीवर.

मी राजूरला उतरले ते श्रावणात. एसटीच्या बाहेर काहीच नव्हतं. म्हणजे गाव, झाडं, डोंगर सगळं असणार, पण धुक्याने ते स्वतःकडे ठेवून घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात माझे वडील गेले होते. घरात त्यांची पुस्तकं होती, खुर्ची होती, आणि त्यांच्याविषयी न बोलणारी आम्ही माणसं होतो. नोकरीचा कागद आला तेव्हा राजूर कुठे आहे हेही न बघता मी होकार कळवला. ट्रंक चिखलात टेकू नये म्हणून एका दगडावर ठेवून मी उभी राहिले. मग धुक्यातून आधी एक छत्री आली, मग धोतराचा सोगा, मग माणूस.

"मराठीच्या नव्या बाई ना तुम्ही?" एवढं विचारून ते माझ्याकडे बघतच राहिले. मी 'हो' म्हणायच्या आत म्हणाले, "झोपेत दात खाता का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सकाळी उठल्यावर इथे दुखत असेल," म्हणून त्यांनी स्वतःच्याच कानापुढे बोट टेकवलं. "जांभई देताना कट्‌ असं वाजतही असेल."

दुखत होतं. वडील गेल्यापासून रोज सकाळी जबडा असा जड व्हायचा, जसं काही मी रात्रभर काहीतरी चावत होते. आईने लवंग दिली होती, एका वैद्यांनी कानात तेल घालायला सांगितलं होतं. मी मान हलवली.

"दातांनी एकमेकांना भेटायचं ते जेवताना. एरवी त्यांचं एकमेकांशी काही काम नाही. एरवी ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर टाळूला. एवढं लक्षात ठेवा." आणि माझी ट्रंक उचलून ते चालायलाही लागले. "चला. खोली आमच्याकडेच आहे. काकूंनी पिठलं टाकलंय."

त्यांच्या मागोमाग त्या धुक्यातून चालताना मी पहिल्यांदा माझे दात सुटे करून बघितले. इतके दिवस ते आवळलेले होते हे मला तोवर माहीतच नव्हतं.

सर शाळेत सायन्स शिकवायचे, पण कोणताही धडा फिरून फिरून तोंडातच यायचा. तरफ शिकवायची तर जबडा. आम्ल शिकवायचं तर किडलेली दाढ. सकाळी ते ओट्यावर कडुलिंबाची काडी घेऊन बसत आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी काडी तोंडात ठेवूनच बोलत. राखुंडीवाल्याला थांबवत, कोळसा चघळणाऱ्याला थांबवत. "घासतोस की तासतोस रे?" त्यांचं म्हणणं साधं होतं. अंगाचं जे काही बिघडतं ते आधी तोंडात येऊन सांगून जातं, आणि तोंडात जे कुजतं ते तोंडात थांबत नाही. "रक्त काय दातांना वळसा घालून जातं का बाई? जे हिरडीतून फिरतं तेच काळजातून फिरतं."

एकदा तपासणीला मोठे साहेब आले. सरांच्या वर्गात येऊन त्यांनी मुलांना दातांचे प्रकार विचारले. मुलं भराभर सांगू लागली. साहेब खूश होऊन हसले, आणि तिथेच फसले. "साहेब, जरा आ करता का?" सर म्हणाले. का कोण जाणे, साहेबांनी केला. सरांनी त्यांची हनुवटी धरून अख्ख्या वर्गाकडे वळवली. "ही बघा मुलांनो, सुपारीने खाल्लेली दाढ. पुस्तकातल्या चित्रापेक्षा चांगली दिसतेय की नाही?" साहेब जेवायला थांबले नाहीत. हेडमास्तर दोन दिवस सरांशी बोलले नाहीत. पण पुढच्या वर्षी तेच साहेब जीपमधून उतरले ते थेट सरांना बाजूला घेऊन म्हणाले, "सुपारी सोडली. बघता का?"

पेठेतल्या दुकानदाराचे दात एकाएकी हलायला लागले तेव्हा तो सरांकडे मंजन विचारायला आला होता. सरांनी तोंडात बघितलं, वास घेतला, आणि म्हणाले, "शेठ, लघवी तपासून या."

"गुरुजी, मी दातांचं म्हणतोय."

"मीही दातांचंच म्हणतोय."

शेठ गावभर सांगत फिरला, "या मास्तरला वर दाखवलं तर खालचं तपासायला सांगतो!" लोक महिनाभर हसले. पुढे तो कशासाठी तरी संगमनेरला गेला असताना त्याला साखरेचा आजार निघाला. तेव्हापासून तो सरांना हिशेबात धरायचा, पण सर दुकानात आले की तोंडावर उपरणं घ्यायचा.

रविवारी सर डोंगरातल्या वाड्यांवर जात. पिशवीत काड्या, मीठ, एक हातात मावणारा आरसा. मीही कधी कधी जायची. बहात्तरच्या दुष्काळाचं ते साल. देशावर तर नुसता फुफाटाच होता. आमच्याकडे डोंगरात पाऊस पडला खरा, पण भात पोचट निघाला. त्या वर्षी सर कोणाला "जेवलास का" असं विचारत नसत. "जीभ दाखव" म्हणत. पांढुरक्या पडलेल्या जिभा, फाटलेले ओठांचे कोपरे, काडी लावताच रक्त येणाऱ्या हिरड्या. "हिरडी चोळू नकोस गं, पोटात आवळा जाऊ दे," असं एखाद्या पोटुशी बाईला सांगून ते पुढच्या दारात जायचे. उतरणीवरून चालताना त्यांच्या ओठांची हालचाल दिसायची, जणू बघितलेल्या जिभा ते मनात ओळीने मांडत होते.

एवढ्या माणसाच्या घरात त्यांची बायको, आमच्या काकू, दातांना मिश्री लावायच्या.

ही गोष्ट राजूरमध्ये सगळ्यांना ठाऊक होती. दुपारी गोठ्यामागे त्या तव्यावर तंबाखू भाजायच्या. भाजल्या तंबाखूचा तो खाट सुटला की परड्यातली कोंबडीसुद्धा शिंकायची. आणि त्या दुपारी सरांना नेमकी सर्दी झालेली असायची. "बाई, आज नाक अगदी चोंदलंय," असं ते मला मुद्दाम, जरा मोठ्यानेच सांगायचे. काकूंच्या तोंडात मात्र त्यांनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं. तालुक्यातल्या माणसांना आ करायला लावणारे सर काकू समोर जांभई द्यायला लागल्या की खिडकीबाहेर बघायचे.

मी एकदा काकूंना विचारलं, "सरांना खरंच कळत नाही?"

काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. "कळतंय की," त्या म्हणाल्या. "पर त्ये बघायचं न्हाईत. भेतात."

"कशाला?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला. मग सांगितलं. सरांची आई दाढेने गेली. दाढ दुखायची म्हणून ती तिथे तंबाखूची चिमूट धरायची. कोणा दातवाल्याने बाजारात ती दाढ ओढली, अर्धी तुटली, अर्धी आत राहिली. गाल सुजला, मग गळा सुजला, आणि जबडा असा आवळला की तोंड उघडेना. "धा वर्सांचं पोर हुतं ह्ये. चमच्यानं पानी घेऊन बसायचं. आये तोंड उघड, आये तोंड उघड. दातात फट न्हाई तर पानी जाईल कसं?" काकूंनी भाकरी उलटली. "म्हनून सगळ्या गावाला आ कराया लावतात. अन् माझ्याफुडं मान फिरवतात."

असे ते दोघे. तिने लपवायचं आणि त्यांनी न बघायचं, यावर घर छान चाललं होतं.

शाळा गावाच्या वर, टेकाडावर होती. सर आणि मी रोज बरोबर जायचो. वाटेत एक आंबा होता, तिथे सर थांबायचे. हाताने डोंगर दाखवायचे. "तो बघा कळसूबाईचा माथा. आज ढग पांघरून बसलाय." ज्या दिवशी धुक्यात समोरचं झाडही दिसत नसे त्या दिवशीही ते थांबायचे आणि हात करायचे. "तिथे आहे. दिसत नाही एवढंच." मला ते थांबणं फार आवडायचं. खालून गावाचा आवाज पाण्याखालून यावा तसा यायचा, कोंबडा, एसटीचा भोंगा, कुणाची तरी हाक. आणि आम्ही दोघं कुठेच नसलेल्या जागी उभे असायचो. एकदा तिथेच उभ्या उभ्या मी त्यांना माझ्या वडिलांविषयी सांगितलं. त्यांची पुस्तकं, त्यांची खुर्ची, शेवटच्या दिवशी त्यांनी मागितलेला आणि डॉक्टरांनी नको म्हटलेला चहा. सर माझ्या जबड्याकडे बघत ऐकत होते. मी थांबले तेव्हा म्हणाले, "सुटला बघा. माणूस बोलायचं ठेवून देतो आणि मग ते चावत बसतो."

हळूहळू एका जागी थांबायचे ते दोन जागी थांबू लागले. मग तीन. एक हात डोंगराकडे आणि दुसरा गालाला, तळव्यात जबडा घेतलेला, विचारात पडलेला माणूस घेतो तसा. मुलं म्हणायची, सरांना डोंगराचं वेड लागलं. आम्हा सगळ्यांना ते सरांच्या स्वभावाला धरूनच वाटलं.

घरात आधी कळलं ते काकूंना. पाण्याची बादली आणली की सर पायरीवर बसायचे आणि डावा गाल दाबून धरायचे. "दाढ दुखतीया का?" असं काकूंनी विचारलं तर म्हणाले, "छे! माझी दाढ? माझी कशी दुखेल?"

त्यांच्या दुखण्यापेक्षा मोठी अडचण ही होती. आयुष्यभर त्यांनी सांगितलं होतं, तोंड राखा, अंग राहील. आता त्यांचंच तोंड दुखत होतं. काडी, मीठ, त्रिफळा सगळं करून. काकू म्हणाल्या, सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय, दाखवा. सर म्हणाले, "आणि गावाने काय म्हणायचं? दातांच्या मास्तरचे दात किडले?" मी आरसा पुढे केला, तो त्यांनी उलटा करून ठेवला. कुणालाच त्यांनी तोंडात बघू दिलं नाही. बहुधा स्वतःलाही नाही.

आणि मग त्यांनी जे केलं ते राजूरमध्ये कुणी स्वप्नातही बघितलं नसतं.

बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडपाशी एक दातवाला बसायचा. मोठी काळी छत्री, बाटलीत लाल पाणी, पाटीवर रंगवलेली कवळी, आणि पुढ्यात फडक्यावर काढलेल्या दातांचा ढीग. सर आणि तो जुने वैरी. दर बाजाराला सर त्याच्यासमोर उभे राहून गिऱ्हाइकांना फितवायचे. "आधी त्याला चिमटा उकळायला सांगा! उकळल्याशिवाय तोंड उघडू नका!" दातवाला हात जोडायचा. "गुरुजी, तुमी साळंत शिकवा की. माझ्या पोटावर का पाय देता?"

त्या बाजारी मी भाजी घेत होते. अचानक स्टँडकडचा गलका थांबला. लोकांच्या खांद्यांवरून बघितलं तर छत्रीखालच्या खोक्यावर सर बसलेले.

"कोन्ता?" दातवाल्याने विचारलं.

"खालची डावीकडची. शेवटची."

"गुरुजी, खरंच काढू म्हंता?"

"चिमटा उकळलास?"

"आत्ता उकळतो! चहावाल्याकडून आनतो पानी!" दातवाला धावला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने चिमटा उकळला असेल. सर खोक्यावर ताठ बसून होते, समोर डोंगर असल्यासारखे बघत. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अरं, गुरुजींची दाढ!" आणि ते वाऱ्यासारखं बाजारभर गेलं.

दाढ निघाली. आणि दातवाल्याने ती फडक्यावरच्या ढिगात टाकली नाही. धुऊन, पुसून, झेंडूच्या फुलावर ठेवली. पिवळ्या, काळ्या, खाल्लेल्या त्या सगळ्या दातांच्या वरती एक पांढरीशुभ्र, कसलाही डाग नसलेली दाढ. पुढच्या बाजारी त्याच्याकडे रांग होती. "सोता गुरुजींनी काढून घेतली," तो ओरडून सांगायचा, "ही बघा! खात्री करा!" सरांनी इतकी वर्षं ज्यांना अडवलं होतं ती माणसं आता खोक्यावर बसत होती.

सरांना ते दिसत होतं. पण दुखणं थांबलं नव्हतं. आंब्यापाशी पोचायच्या आतच ते आता बसायचे. त्या बाजारी ते पुन्हा गेले आणि शेजारची दाढ काढून आले.

घरी आले तेव्हा धोतरावर रक्त होतं. काकूंनी ते बघितलं. त्या गोठ्यामागे गेल्या, मिश्रीचा डबा घेऊन आल्या आणि ओट्यावर, सरांच्या पुढ्यात, आपटून ठेवला. मी दारातच थांबले.

"हा घ्या. मी मिश्री लावती."

सर डब्याकडे बघत राहिले.

"बत्तीस वर्सं लावती. उद्यापास्नं न्हाई लावायची. पर तुमी दवाखान्यात चला."

"तू... मिश्री..." सरांनी आश्चर्य दाखवायचा प्रयत्न केला. तोंडात बोळा होता, तो जमेना.

"नाटकं नका करू. सगळ्या राजूरला ठावं हाय."

मग सर बोळा काढून हळूच म्हणाले, "मलाही माहीत होतं."

"मग इतक्या वर्सांत येकदा बी बोलला न्हाईत?"

"बोललो असतो तर बघावं लागलं असतं," सर म्हणाले. "बघितलं असतं आणि काही निघालं असतं तर?"

काकूंचा राग कुठे गेला कळलं नाही. त्यांनी पदराने त्यांच्या हनुवटीवरचं रक्त पुसलं. "उद्या सकाळी," एवढंच म्हणाल्या. डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि उकिरड्यात टाकून यायला सांगितलं.

दवाखान्यात मीही त्यांच्याबरोबर गेले होते. डॉक्टर पोरगेलासा होता. सर आ करायला तयार होऊन बसले होते, डोळे मिटून, फाशीची शिक्षा ऐकायला बसावं तसे. डॉक्टरने तोंडात बघितलंच नाही. विचारलं, "कधी दुखतं?"

सरांच्या आधी काकूच बोलल्या. "जेवताना न्हाई, चावताना न्हाई. चढ चढले, पानी आनलं की दुखतंय. बसले की थांबतंय. ही कसली हो दाढ?"

डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला. मग म्हणाला, "गुरुजी, हे दाताचं नाही. तुम्ही चढायला लागलात की हृदयाला रक्त कमी पडतं, आणि ते दुखणं तुम्हाला छातीत न जाणवता जबड्यात जाणवतं. पुष्कळांना असं होतं. नगरला जाऊन कार्डिओग्राम काढून घ्या. गावभर ऐकतोय, त्या दाढा कशाला काढल्यात?"

सरांनी डोळे उघडले. "म्हणजे दाढा चांगल्या होत्या?"

"हृदयाला त्रास आहे म्हणतोय मी."

"हो, ते कळलं. पण दाढा चांगल्या होत्या ना?"

इतका आनंदलेला माणूस मी दवाखान्यात दुसरा पाहिला नाही. घरी येताना ते वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "दात नाही! हृदय आहे!" लोक भांबावून काकूंकडे बघायचे. नगरहून आले तेव्हा त्यांच्याकडे कागदाची एक लांब पट्टी होती आणि बारक्या गोळ्यांची बाटली. "बाई, गंमत बघा," ते म्हणाले, "काळजाचं औषध, आणि ठेवायचं कुठे? जिभेखाली! मी काय सांगत होतो इतकी वर्षं?"

चढायला त्यांना मनाई झाली. टेकाडही बंद, वाड्याही बंद. हेडमास्तरांनी खालच्या देवळाच्या ओवरीत त्यांचे तास घ्यायची सोय केली. मी आंब्यापाशी आता एकटी थांबायची. पण एक काम त्यांनी लगेच, पहिल्याच बाजारी केलं. सरळ दातवाल्याच्या छत्रीखाली गेले, झेंडूवरची दाढ उचलली आणि गर्दीला दाखवली.

"ही बघा. निरोगी दाढ आहे. मी मूर्खपणाने काढून घेतली. दुखत होतं माझं काळीज आणि मी खापर फोडलं हिच्यावर, कारण डॉक्टरकडे जायची मला लाज वाटली. तुम्ही लाजू नका. आधी दवाखान्यात जाऊन विचारा, दुखतंय ते नक्की काय आहे."

रांगेतली माणसं एकेक करून उठली. दातवाला रडकुंडीला आला. "गुरुजी, धंद्याची पार वाट लावली व्हय! तवा काढ म्हनला कोन? मी का तुमच्या घरी आल्तो?"

"नाही रे बाबा. चूक माझीच," सर म्हणाले, आणि त्याच्या शेजारच्या पोत्यावर बसले. आणि मग दर बाजारी तिथेच बसू लागले. वाड्यांवर त्यांना जाता येत नव्हतं, पण वाड्या बाजारला खाली यायच्या. माणसं आधी सरांसमोर आ करायची. बरेच जण दवाखान्याकडे जात. एखादा खरोखरच हलणारा, मुळं सुटलेला दात असला तर सर तो दातवाल्याकडे सरकवत. शेजारी स्टोव्हवर चिमटा उकळत असायचा. "गुरुजी, तुमच्यामुळं निम्मा धंदा गेला," दातवाला म्हणायचा. "राहिलेल्या निम्म्यातलं कोणी मेलं तर नाही ना?" सर विचारायचे. या बोलण्यात दोघांचाही वेळ छान जायचा.

त्यानंतर दीडेक वर्ष सर होते. एका सकाळी ओट्यावर काडी घेऊन बसले असतानाच गेले. काकू आत चहा ठेवत होत्या, मी परगावी होते. सांगण्यासारखं त्यात एवढंच आहे, आणि ते मी कुणालाही फारसं सांगत नाही. मला लिहायचं होतं ते त्याच्या आधीच्या एका दुपारचं.

थंडीचे दिवस होते. धुकं जेवणाच्या वेळेपर्यंत रेंगाळून नुकतंच उठलं होतं आणि ओट्यावर कोवळं म्हणावं असं ऊन आलं होतं. मी एका टोकाला सहामाहीचे पेपर तपासत बसले होते. काकू पाय पसरून तांदूळ निवडत होत्या. मिश्री सोडून त्यांना काही महिने झाले होते. पहिले पंधरा दिवस त्यांनी सगळ्यांना फाडून खाल्लं, मग निवळल्या. सर रोज काहीतरी निमित्त काढून त्यांच्यासमोर येऊन बसत आणि काही न बोलता उठून जात. त्या दुपारीही आले, बसले. उठले नाहीत.

"अगं," ते म्हणाले. "आ कर."

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. पदर सावरला, उन्हाकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि आ केला.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. मी त्यांना इतक्या तोंडांत बघताना पाहिलं होतं. धान्य पारखणाऱ्यासारखी झटपट नजर असायची ती. ही तशी नव्हती. त्यांनी बोटाने ओठ हळूच बाजूला केला, गालाच्या आतून बोट फिरवलं, जिभेच्या कडा बघितल्या, जिभेखाली बघितलं, पुन्हा गाल. कुठेतरी एक भारद्वाज घुमत होता. काकूंच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं होतं, उन्हाने असेल.

"काही नाही," सर शेवटी म्हणाले. "हिरड्या काळ्या पडल्यात. दात झिजलेत. पण वाईट असं काही नाही. कुठेच नाही. मिट."

काकूंनी तोंड मिटलं नाही. बोटाने खूण केली, पुन्हा बघा.

सरांनी पुन्हा बघितलं. "नाही गं. खरंच काही नाही."

तेव्हा त्यांनी तोंड मिटलं, पदराने डोळे टिपले आणि त्या सरांच्या अगदी समोर सरकून बसल्या.

"आता तुमी," त्या म्हणाल्या.

"मी काय?"

"दोन दाढा कुठं गेल्या ते बघू द्या की मला. येवढ्या वर्सांत येकदा तरी दावलंय का? आ करा."

सरांनी रस्त्याकडे बघितलं. कोणी येत नव्हतं. माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून मांडीवर ठेवला, डोळे मिटले, आणि लहान मूल करतं तसा मोठा आ केला. काकूंनी दोन्ही हातांत त्यांचा जबडा धरला आणि तोंड उन्हाकडे वळवलं.

मी पेपरांचा गठ्ठा उचलला आणि आत गेले.